फुकेतमधला प्लॉट कुणाच्या नावावर?

फुकेत किंवा को समुईच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवून आलेल्या कुटुंबात कधी कधी एक हिशेब मांडला जातो. पुण्यातला एखादा फ्लॅट विकला, तर तिकडे समुद्र दिसेल असा प्लॉट येईल आणि वर टुमदार घरही बांधून होईल. आकडेमोड बरोबरही असेल, पण पैसे मोजले की जमीन नावावर होते हे गृहीतकच थायलंडमध्ये चालत नाही.

तिथल्या १९५४ च्या जमीन कायद्याने परदेशी माणसाला जमिनीची मालकी मिळत नाही. अपवाद आहे, पण तो श्रीमंतांचा: सरकारने ठरवलेल्या रोख्यांसारख्या ठिकाणी ४ कोटी बाट गुंतवले आणि मंत्र्यांनी परवानगी दिली, तर राहण्यापुरती १ राई, म्हणजे साधारण १६ गुंठे जमीन घेता येते. ती वारसांकडे जात नाही. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने या अटी थोड्या सैल करायला घेतल्या, तेव्हा लोकांनी इतकी ओरड केली की काही आठवड्यांतच प्रस्ताव गुंडाळावा लागला. आपण यावर नाक मुरडू नये. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या मराठी माणसालाही शेतजमीन सहजी घेता येत नाही.

‘मग भाडेपट्ट्याने घेऊ, त्यात काय!’ हा युक्तिवाद नवी मुंबईकरांना लगेच पटतो. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याचीच असते, तरी तिथली घरं मालकीच्या घरांसारखी विकली जातात. मात्र सिडकोचा पट्टा ६० वर्षांचा असतो आणि पलीकडे सरकारी संस्था असते. थायलंडमध्ये घरासाठीच्या पट्ट्याची कमाल मुदत ३० वर्षं, आणि पलीकडे कुणीतरी खासगी जमीनमालक.

दलालाच्या माहितीपत्रकात ‘३०+३०+३०’ असं ठळक छापलेलं असतं. त्यातली पहिली ३० वर्षं सरकारदफ्तरी नोंदली जातात. उरलेली ६० हे मालकाने दिलेलं वचन असतं. मधेच जमीन विकली गेली, तर नवा मालक ते पाळेलच याची हमी नाही. तीन वर्षांहून मोठा करार जमीन कार्यालयात नोंदवला नाही, तर तो तीन वर्षांपुरताच लागू करून घेता येतो, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो. आणखी एक मेख आहे. थाई न्यायालयं भाडेपट्टा हा भाडेकरूचा व्यक्तिगत हक्क मानतात. करारात वारसांची तजवीज केली नसेल, तर भाडेकरूच्या मृत्यूबरोबर पट्टाही संपतो. निवृत्तीनंतरच्या घराचा विचार करणाऱ्यांनी आधी हे कलम वाचावं, समुद्राचे फोटो नंतर.

एक गैरसमज उलट दिशेचाही आहे: जमीन आपली नाही, म्हणजे घरही आपलं नाही. प्रत्यक्षात थाई कायद्यात घराची मालकी जमिनीपासून वेगळी ठेवता येते. त्यासाठी बांधकाम परवाना स्वतःच्या नावावर काढायचा आणि पट्ट्याच्या जोडीने दुसऱ्याच्या जमिनीवर इमारत ठेवण्याचा हक्क स्वतंत्र नोंदवायचा. हा हक्क ३० वर्षांपर्यंत किंवा हयातभरासाठी देता येतो आणि तो वारसांनाही मिळू शकतो. परवाना बिल्डरच्या नावावरच राहू दिला, तर पुढे घर आपलं असल्याचं सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

थाई कंपनी काढून तिच्या नावावर जमीन घेण्याची युक्ती तर सर्रास सुचवली जाते. ५१ टक्के भाग थाई भागीदारांचे, ४९ टक्के आपले. हे भागीदार नुसते नावापुरते असतील, तर मामला सरळसरळ बेनामी ठरतो. १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय जमीन विकून टाकण्याचा आदेशही येऊ शकतो.

इथे सातबारा बघितल्याशिवाय विसारही न देणारी माणसं तिथे थाई लिपीतल्या कागदावरचा शिक्का पाहूनच समाधानी होतात. मोजणी झालेली, पूर्ण मालकीची जमीन असेल, तर तिला ‘चनोत’ असतो. ‘पो बो तो ५’ ही निव्वळ कर भरल्याची पावती. ‘सो पो को’ जमीन भूमिहीन आणि गरजू शेतकऱ्यांसाठीची, ती बाहेरच्याला विकता येत नाही. फुकेतमध्ये अशा जमिनी धनिकांना वाटल्याचं उघड झालं आणि त्या वादळात १९९५ साली पंतप्रधान चुआन लीकपाई यांना संसद बरखास्त करावी लागली.

घर बांधलं म्हणून व्हिसा मिळत नाही. निवृत्तांच्या व्हिसासाठी वयाची पन्नाशी आणि, प्रचलित मार्गाने जायचं तर, बँकेत ८ लाख बाट लागतात.

उरला पैसा. भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. कुटुंबातली माणसं आपापली मर्यादा एकत्र करू शकतात, पण यासाठी भारतीय बँकेकडून कर्ज मिळत नाही. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपुढच्या अशा रकमेवर बँक २० टक्के कर गोळा करते. तो बुडीत जात नाही, विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्याच विवरणपत्रात परदेशातली मालमत्ता दाखवावी लागते. ती दडवल्यास काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्याने १० लाखांचा दंड होऊ शकतो. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण घर-जमीन त्यातून वगळलेली आहे.