एक प्लॅटफॉर्म की अनेक? आधी हातातला फोन पाहा!

दौंडमध्ये प्लॅटफॉर्म म्हटले की जंक्शन आठवते. परंतु अलीकडे शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आपली मुले आम्हाला वेगळ्याच प्लॅटफॉर्मविषयी विचारू लागली आहेत. वस्तीतून शिकून बी.सी.ए., बी.ई. झालेली ही मुले. कोणी पुण्याला कंपनीत आहे, कोणी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एम.आय.डी.सी.त पाळी भरून रात्री घरी मोबाइलचे ॲप तयार करतो. त्यांचा प्रश्न असा, की ॲप एकट्या अँड्रॉइडसाठी करावे, की आयफोनसाठीही? आम्ही पडलो वकील. संगणकाचे शास्त्र आम्ही या मुलांकडूनच शिकतो. तरीही हा प्रश्न केवळ संगणकाचा नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी व्यवहार पाहू. गुगलच्या प्ले स्टोअरवर नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर लागतात. ॲपलला मात्र दरवर्षी ९९ डॉलर मोजावे लागतात, शिवाय ॲपलचाच संगणक लागतो, विकतचा नाही तर भाड्याचा. रिॲक्ट नेटिव्ह, फ्लटर अशी साधने आल्यापासून एकदा लिहिलेले काम दोन्हीकडे चालते हे खरे; पण तपासणी, दुरुस्ती आणि तक्रारी दोन्हीकडच्या निस्तराव्याच लागतात. प्लॅटफॉर्म मरतातही. विंडोज फोनवर भिस्त ठेवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० पर्यंत वाऱ्यावर सोडले. भारतात शंभरातले नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. तेव्हा स्वतःच्या खिशातून खर्च करणाऱ्या मुलाने अँड्रॉइडपासूनच सुरुवात करावी. त्यात कमीपणा काही नाही.

पण प्रश्न इथे संपतो काय? मुळीच नाही.

३० डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांनी पैसे देण्याघेण्याचे ‘भीम’ ॲप सुरू केले आणि ते नाव बाबासाहेबांवरून दिल्याचे सांगितले. ते ॲप आरंभी फक्त अँड्रॉइडवर होते. आयफोनवर ते फेब्रुवारी २०१७ मध्ये आले. आयफोनवाला दीड महिना थांबला, त्याचे काय बिघडले? बटणाच्या फोनसाठी *९९# ही सोय त्याच वेळी सोबत होती, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. इंटरनेट नसलेल्या माणसासाठी निदान एक वाट तरी उघडी होती.

आता दुसरे उदाहरण घ्या. ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिल २०२० रोजी अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोन्हींवर आले. प्लॅटफॉर्म दोन झाले! पण जिओफोनवर ते यायला मे महिना उजाडला, आणि साध्या फोनसाठी १९२१ हा क्रमांकही मे महिन्यातच सुरू झाला. टाळेबंदीत रस्त्याने पायी निघालेल्या मजुराच्या खिशात कोणता फोन होता, हे काय सांगायला हवे? दोन प्लॅटफॉर्म करूनही शेवटचा माणूस सुटतो, आणि एकच करूनही त्याची सोय लावता येते. म्हणून प्लॅटफॉर्मची संख्या मोजत बसण्यात अर्थ नाही.

शिवाय अँड्रॉइड म्हणजे तरी सर्वांना एकसारखे आहे काय? ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारला परत केले. फोनची मेमरी अपुरी आणि ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत! प्लॅटफॉर्म एकच, पण पन्नास हजारांचा फोन वरच्या मजल्यावर आणि पाच हजारांचा तळघरात. बाबासाहेबांनी दाखवून दिलेली श्रेणीबद्ध विषमता अशी हँडसेटमध्येही शिरते.

गेल्या वर्षी वीटभट्टीवर काम करणाऱ्या एक मावशी आमच्याकडे आल्या. एका कार्यालयात त्यांना सांगितले होते, “मावशी, अर्ज ॲपवरच भरायचा. नातवाला घेऊन या.” नातू पुण्याला कामाला. दोन दिवसांची मजुरी बुडवून त्या रिकाम्या हाताने परतल्या होत्या. त्यांनी आम्हाला विचारले, “वकीलसाहेब, मी बसत नाही का माझा फोन बसत नाही?” आम्ही लेखी अर्ज लिहून पोच घेतली तेव्हा काम पुढे सरकले. तो लेखी अर्ज पहिल्याच दिवशी का घेतला नाही?

खाजगी दुकानदाराने एकच प्लॅटफॉर्म निवडला तर तो त्याचा धंदा. परंतु शासन जेव्हा हक्काचा एकमेव दरवाजा म्हणून ॲप उभे करते, तेव्हा कलम १४ ची समता आणि कलम २१ चे जीवन यांचा प्रश्न उभा राहतो. लसीकरणाच्या वेळी केवळ ऑनलाइन नोंदणीवर विसंबल्यास गरीब मागे राहतील, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये सुनावले होते. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ चाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. कार्यकर्त्यांनी हा निकाल खिशात ठेवावा. कार्यालयाने परत पाठवले की लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि नकार लेखी मागावा.

आणि आमच्या तरुण अभियंत्यांनो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे. सुरुवात एका प्लॅटफॉर्मवर करा, पण माहिती त्यातच कोंडू नका. उद्या दुसरीकडे नेता येईल अशी बांधणी ठेवा. ॲप स्वस्तातल्या जुन्या फोनवर तपासा. भाषा मराठी ठेवा. आणि उद्या सरकारी कंत्राट हाती आले, तर ॲपच्या आधी विचारा, “ज्याच्याकडे हा फोन नाही, त्याने काय करायचे?” त्या टेबलापाशी आपल्या वस्तीतला माणूस आता कोठे पोहोचतो आहे. तिथे बसून हा प्रश्न त्याने नाही विचारायचा, तर मग कोणी विचारायचा?