एन्सिना हॉलमधील वर्षभराचा मुक्काम

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८३ साली चीनविषयक विद्वान जॉन लुईस आणि भौतिकशास्त्रज्ञ सिडनी ड्रेल यांनी शस्त्रनियंत्रणाच्या अभ्यासाचे जे केंद्र उभारले, त्याची अभ्यासवृत्ती निर्वाहाची तजवीज करते. परंतु मोबदल्यात मुक्काम मागते. पूर्वी विद्यार्थ्यांचे वसतिगृह असलेल्या एन्सिना हॉलमध्ये पदार्थवैज्ञानिक, इतिहासकार आणि राज्यशास्त्रज्ञ शैक्षणिक वर्षभर शेजारी बसून लिहितात, आणि आपले अपुरे प्रकरण चर्चासत्रात दाखल करून परशास्त्रीयांच्या हरकती निमूटपणे ऐकून घेतात. ही शिस्त पंडितांना फारशी मानवत नाही, म्हणूनच ती मोलाची.

अशा सहवासातून काय निष्पन्न होते, हे पाहायचे तर जानेवारी २००४ मध्ये लुईस यांच्यासमवेत उत्तर कोरियातील योंगब्योन अणुकेंद्राला गेलेल्या सिगफ्रिड हेकर यांच्याकडे पाहावे. लॉस अलामॉस या अमेरिकी अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या या माजी संचालकांपुढे यजमानांनी लाकडी पेटीतून एक काचेची बरणी काढून ठेवली, तीत सुमारे २०० ग्रॅम प्लुटोनियम असल्याचे सांगितले, आणि हातमोजे चढवून ती पेलताना जाणवलेले वजन व ऊब यांची साक्ष हेकर यांनी त्याच महिन्यात अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर दिली. पुढे ते याच केंद्राचे सहसंचालक झाले.