विजेवरचं विमान : घरातला चार्जर ते होटगी रोडचं आभाळ

फोमचं तयार विमान ऑनलाइन मागवायचं, बॅटरी जोडायची आणि रविवारी सकाळी मैदान गाठायचं. पेट्रोल नाही, धूर नाही, मग धोका कसला? रिमोटवर उडणाऱ्या इलेक्ट्रिक विमानांबद्दल असंच बोललं जातं. प्रत्यक्षात यातले बरेचसे अपघात विमान जमिनीवर असतानाच घडू शकतात, काही तर घरातच.

गैरसमज : बॅटरी मोबाइलसारखीच. रात्री लावली, सकाळी काढली.

दोन्ही लिथियमच्या, हे खरं. पण मोबाइलच्या बॅटरीला राखण करणारं सर्किट असतं, विमानाच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला ते बहुधा नसतं. तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे रेटला की आत वायू तयार होतो, बॅटरी फुगते आणि पेटूही शकते. त्यामुळे प्रत्येक सेल वेगळा मोजणारा बॅलन्स चार्जरच हवा, आणि त्यावर बॅटरीचा प्रकार व सेलची संख्या दर वेळी तपासायला हवी. २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअर करंट पुरे. घाई असेल तर उड्डाण उद्या. चार्जिंग शहाबादी फरशीवर, आपण जागे असताना, वाळूची बादली हाताशी ठेवून करावं. गादीवर किंवा चादरीवर नको, मग ती अस्सल सोलापुरी का असेना!

पूर्ण रिकामी करणंही वाईटच. सेल ३.५ व्होल्टच्या आसपास आला की विमान उतरवावं. ३ च्या खाली गेलेल्या सेलचा भरवसा संपला. आठवडाभर ठेवायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीत बॅटरी विसरू नये. उतरल्यावर ती गार होऊ द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. फुगलेली बॅटरी टोचून हवा काढण्याचा उद्योग काही हौशी करतात. तो शुद्ध वेडेपणा आहे. अशी बॅटरी कायमची बाद.

गैरसमज : मोटर छोटी आहे, बोट लागलं तर थांबेल.

छोटं इंजिन अडथळा आला की बंद पडू शकतं. ब्रशलेस मोटर मात्र अडली तर आणखी करंट ओढून फिरायला बघते. १००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला हजार फेऱ्यांची, मोटर तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला ११ हजारांवर फेरे घेते. प्रोपेलर लावल्यावर फेरे कमी होतात, तरी बोट तुटायला पुरेसे उरतात. म्हणून घरात जुळणी करताना प्रोपेलर काढूनच ठेवावा. मैदानात थ्रॉटल खाली, आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी. उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, रिमोट शेवटी बंद. बॅटरी जोडली की विमान ‘जिवंत’ समजायचं आणि प्रोपेलरच्या समोर किंवा रेषेत उभं राहायचं नाही.

गैरसमज : तयार विमान, त्यात तपासायचं काय?

तोल. गुरुत्वमध्य साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा. शेपटी जड झालेलं विमान नवशिक्याच्या हातात टिकत नाही. मग मागे उभं राहून स्टिक उजवीकडे न्यावी : उजव्या पंखाची झडप वर जायला हवी. ती उलट जात असेल, तर हातातून सुटल्यावर सुधारायला वेळ मिळत नाही. उड्डाण वाऱ्याच्या तोंडाकडे, शक्यतो सकाळी. ४२ अंशांच्या दुपारी हवा २० अंशांच्या सकाळपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ असते. विमानाला उचल कमी मिळते.

गैरसमज : नियम ड्रोनला, विमानाला नाहीत.

२०२१ च्या ड्रोन नियमांत पंखांची विमानंही येतात. २ किलोपर्यंतचं यान हौसेसाठी उडवायला पायलट परवाना लागत नाही, पण म्हणून जागेची बंधनं सुटत नाहीत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटर उंचीपर्यंत, त्यापलीकडच्या हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत मुभा आहे.

‘आपल्याकडे विमान येतंच कुठे’ हा सोलापूरचा जुना विनोद आता चालणार नाही. १५ जून २०२३ ला विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली आणि ९ जून २०२५ ला गोव्याची विमानसेवा सुरू झाली. सिद्धेश्वर मंदिर आणि होम मैदानाचा परिसर होटगी रोडच्या विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आतच येतो. नान्नजचे माळही टाळा. ते माळढोक अभयारण्य आहे.

ज्वारी काढल्यावर शहरापासून लांब भरपूर रानं मोकळी होतात. डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा पाहून त्यातलं एक निवडा, शेतमालकाला विचारा, वरून विजेच्या तारा जात नाहीत ना ते बघा आणि बघ्यांना आपल्या पाठीमागे उभं करा.