घामाला गाव आठवतं

गव्हाणी घुबड काळोखात उंदीर पकडतं ते कानांच्या जोरावर. खुडबूड आधी कोणत्या कानावर पडली आणि किती आधी, हा फरक सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजावा इतका बारीक असतो. तेवढ्यावरून घुबडाचा मेंदू आवाजांचा नकाशा आखतो. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एरिक नुडसेन यांनी या घुबडांच्या पिल्लांना लोलकांचा चष्मा बसवला. त्यातून सगळं जग २३ अंशांनी बाजूला सरकलेलं दिसे. उंदीर समोर आहे असं कान सांगत, डोळे मात्र तो बाजूला दाखवत. काही आठवड्यांत पिल्लांच्या मेंदूने कानांचा नकाशा सरकवून डोळ्यांशी जुळवून घेतला. पुढे चष्मा काढला, तेव्हा नकाशा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

खरं नवल पुढे आहे. नुडसेन यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये दाखवलं, की चष्मा असतानाही मेंदूतल्या जुन्या जोडण्या तुटलेल्या नव्हत्या. मेंदूने एका रसायनाच्या जोरावर त्यांना नुसतं गप्प बसवलं होतं. औषध देऊन तो दाब उठवला, की जुना नकाशा लगेच बोलू लागे. त्याआधी, १९९८ मध्ये, उलट बाजूही दिसली होती. लहानपणी चष्मा वापरलेलं घुबड मोठं झाल्यावरही तो सरकलेला नकाशा पुन्हा शिकू शकतं. ज्याने लहानपणी चष्मा पाहिलाच नाही, त्याला मोठेपणी तेवढं जमत नाही. म्हणजे एकाच डोक्यात दोन नकाशे नांदतात, आणि जो लागेल तो पुढे येतो.

परदेशात काही वर्षं काढून घरी आलेल्या माणसाला आपण सहज म्हणून जातो, "तिकडचाच झालास रे, इकडचं सगळं विसरलास!" माझं म्हणणं असं, की शरीर फारच थोडं विसरतं. ते गप्प बसवतं. परतल्यावरचे ते अवघड आठवडे म्हणजे गप्प बसवलेल्या गोष्टी एकेक करून जाग्या होण्याचा काळ. आणि गंमत अशी, की प्रत्येकीला जाग येण्याचा वेग निराळा.

सगळ्यात आधी घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचा दिवस तो ठरवतो, आणि त्याला वेळ कळते ती मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. पण यकृताला आणि आतड्यांना स्वतःची घड्याळं असतात, ती जेवणाच्या वेळांकडे बघून चालतात. कॅलिफोर्नियातून उन्हाळ्यात आलेल्या माणसाला साडेबारा तासांचा फरक पार करायचा असतो. त्याचा मेंदू पुण्याच्या सकाळीशी जुळू लागला तरी पोट अजून तिकडच्या दुपारीच असतं. मध्यरात्री दोन-अडीचला कडकडून भूक लागते ती त्यामुळे. हे प्रकरण आठवड्या-दोन आठवड्यांत मिटतं. सकाळी उन्हात हिंडावं, जेवण इथल्या वेळेला घ्यावं, एवढं पुरतं.

खरी थोरवी घामाची. थंड देशातून एप्रिलमध्ये नागपूरला किंवा जळगावला उतरलेल्या माणसाचा गडद रंगाचा सदरा पहिल्या चार दिवसांत नीट बघा. पाठीवर, काखेखाली पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतील. ते मीठ आहे. त्वचेखालच्या ग्रंथीत घाम तयार होतो तेव्हा तो चांगलाच खारट असतो. वर येता येता बारीक नळीच्या भिंती त्यातलं मीठ परत ओढून घेतात. थंडीत राहिलेल्या शरीराची ही वसुली ढिली पडलेली असते. रोज उकाडा सोसायला लागला, की शरीर एकामागून एक कामं उरकतं. पहिल्या काही दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो, त्यामुळे हृदयाला तेवढ्याच कामासाठी कमी ठोके द्यावे लागतात. घाम आधीपेक्षा लवकर सुटायला लागतो आणि जास्त येतो. मग नळ्यांना जाग येते आणि घाम पातळ होत जातो. दहा ते चौदा दिवसांत हे बहुतेक सगळं होऊन जातं. सदऱ्यावरच्या रेघा फिक्या पडतात, आणि घरातलं कुणी त्याची दखलही घेत नाही!

इथेही घुबडांचीच गोष्ट पुन्हा भेटते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या मिखाल होरोविट्झ यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना महिनाभर उष्ण हवेत ठेवलं. मग त्यांना पुन्हा गारव्यात नेलं, इतके दिवस की सवय पुरती मोडावी. त्यानंतर परत उकाड्यात आणलं, तर महिनाभराचं काम दोन दिवसांत झालं. उंदरांच्या पेशींत डोकावल्यावर कारणही हाती लागलं. डीएनएचा धागा ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर उन्हाळ्याच्या काही खुणा गारव्यातही टिकून होत्या. उष्णतेशी झुंजणारी प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपाशी गुंडाळी थोडी सैल राहिली होती, हाक आली की लगेच कामाला लागता यावं अशी. आजी म्हणते, "चार दिवस राहा, सोसेल तुला." त्या भरवशाला पेशींच्या पातळीवर आधार आहे हे समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

याहून खोल असलेली गोष्ट तर बदलतच नाही. जपानी शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यांनी आयुष्यभर घामाचा अभ्यास केला. 'ह्यूमन पर्स्पिरेशन' हे त्यांचं पुस्तक १९५६ चं. त्यांनी माणसांच्या अंगावरच्या चालू घामग्रंथी मोजल्या. जपानमध्ये वाढलेल्यांत त्या साधारण २३ लाख निघाल्या, फिलिपिनो लोकांत सुमारे २८ लाख. आणि उष्ण प्रदेशात जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या जपानी माणसांचा आकडा तिथल्या लोकांच्या जवळ जाणारा होता. मोठेपणी तिकडे गेलेल्या जपान्यांचा मात्र वाढला नव्हता. कुनो यांचा निष्कर्ष असा, की ग्रंथी जन्मतःच असतात, पण त्यांतल्या किती कामाला लागणार हे पहिल्या दोन-अडीच वर्षांतली हवा ठरवते. ही मोजणी जुनी आणि थोड्या माणसांवरची आहे हे खरं. तरीही जिथे आपण रांगायला शिकलो तिथला उन्हाळा कातडीत कायमचा नोंदवून ठेवलेला असतो, ही कल्पना मला सोडवत नाही. मिनेसोटात पंचवीस हिवाळे काढलेल्या जळगावच्या माणसाच्या पाठीवर जळगाव असतं.

पोटाची गोष्ट वेगळी, आणि ती सांगताना सावध राहायला हवं. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये थायलंडहून अमेरिकेत आलेल्या हमोंग आणि करेन लोकांच्या आतड्यांतल्या जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचशेहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. अमेरिकेत आल्यापासून नऊ महिन्यांच्या आतच तंतुमय अन्नावर जगणारे प्रिव्होटेला जातीचे जिवाणू मागे हटू लागले आणि पाश्चात्त्य आहारावर वाढणारे बॅक्टेरॉइडीस त्यांच्या जागी आले. जिवाणूंबरोबर त्यांची पाचक विकरंही गेली. चिंच आणि खोबरं अशा पदार्थांतले चिवट धागे तोडणारी विकरंही त्यांत होती. जितकी वर्षं जास्त तितकं नुकसान जास्त, आणि तिथे जन्मलेल्या मुलांत त्याहून जास्त.

इथे गप्प बसवणं नाही, इथे खरंच काही हरवतं. जिवाणूची जात आतड्यातून संपली तर ती शरीराच्या आठवणीतून परत येत नाही, बाहेरूनच यावी लागते: जेवणातून, मातीतून, घरच्या माणसांच्या सहवासातून. म्हणून आल्या दिवशी भरपेट मिसळ आणि वर कोकम सरबत, असा उत्साह मनात कितीही असला तरी पोटाला थोडे आठवडे द्यावेत. वरणभात, भाकरी, उसळ, ताक असं रोजचं जेवण हळूहळू वाढवत न्यावं. रोगजंतूंशी असलेली ओळखही अशीच विरते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या टायफॉइडच्या रुग्णांत दक्षिण आशियातल्या नातेवाइकांकडे जाऊन आलेल्यांचा भरणा मोठा असतो. आपल्याच घरी चाललोय, लस कशाला, असं त्यांना वाटतं. घर आपलंच असतं, पण पोट मधल्या वर्षांत पाहुण्याचं झालेलं असतं. लस घ्यावी आणि पाणी उकळून प्यावं. आई रागावली तरी.

ओठ आणि जीभ काय करतात तेही पाहू. तोंडासमोर तळहात धरून 'कडू' म्हणा, मग 'खडू' म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला श्वासाचा झोत लागतो. मराठीत ही दोन वेगळी अक्षरं आहेत आणि आपला कान तो फरक लहानपणापासून टिपतो. इंग्रज आणि अमेरिकन माणसं 'कॉफी'सारख्या शब्दातल्या पहिल्या 'क'ला थोडा झोत देतात, आपण देत नाही. मिशेल सँसिए आणि कॅरल फाउलर यांनी १९९७ मध्ये एका ब्राझिलियन बाईंचा अभ्यास छापला. त्या बाई आलटून पालटून अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये राहत. अमेरिकेतल्या काही महिन्यांनंतर त्यांच्या पोर्तुगीजमधल्या 'प' आणि 'त' यांचा झोतही किंचित लांबलेला असे, आणि ब्राझीलमध्ये राहिल्या की तो पुन्हा आखडे. फरक सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचा, तरी ब्राझीलमधल्या लोकांना तो ऐकून जाणवे. "अरे, तुझं बोलणं जरा वेगळं लागतंय," असं मावशी भाच्याला फोनवर नाही, समोर बसल्यावर म्हणते, तेव्हा ती त्याला टोमणा मारत नसते. तिचा कान बहुधा असंच काहीतरी टिपत असतो. दोन-चार महिने गप्पा मारल्या की तो झोत आपोआप आखडेल, मुद्दाम काही करावं लागणार नाही.

रस्ता मात्र मुद्दाम शिकावा लागतो. अमेरिकेत फूटपाथवरून उतरणारा माणूस आधी डावीकडे बघतो, कारण जवळची गाडी तिकडून येते. आपल्याकडे ती उजवीकडून येते. सिंहगड रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली, नुकतीच परतलेली बाई बघा. मान डावीकडे जाते, पाय पुढे पडतो, आणि हॉर्न उजवीकडून येतो. तिला नियम माहीत आहे, पण मान वळवणारा भाग नियम विचारत नाही, सवयीने चालतो. गाडी चालवतानाही तेच. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, अमेरिकेत डाव्या. वळायच्या वेळी भर उन्हात वायपर फिरायला लागतात. नुडसेन यांच्याच प्रयोगशाळेने २००५ मध्ये दाखवलं, की जिवंत उंदरांची शिकार करावी लागणाऱ्या प्रौढ घुबडांचा नकाशा, मेलेला उंदीर आयता मिळणाऱ्या घुबडांपेक्षा कितीतरी जास्त बदलतो. गरज पडली की मोठा मेंदूही शिकतो. परतलेल्या मुलीला दादाने महिनाभर गाडीतून सगळीकडे सोडणं हे प्रेम आहे, यात शंका नाही. पण पहिल्या आठवड्यानंतर तिला मंडईत चालत जाऊ द्यावं, असं मला वाटतं.

आता माणसांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त दुखतं ते तिथे. परतलेल्यांच्या मनाचे आलेख समाजशास्त्रज्ञांनी बरेच काढले. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न यांनी दोनदा खाली जाऊन दोनदा वर येणारी रेघ मांडली, दुसरी घसरण घरी आल्यावरची. ही रेघ प्रसिद्ध आहे, पण माणसं तिच्यावरून इतकी शिस्तीत चालत नाहीत. मला जास्त मोलाचं वाटतं ते जॉन आणि रूथ हिल यूसीम या दांपत्याचं काम. १९५० च्या दशकात हे दोघं अमेरिकन अभ्यासक तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि विलायतेत, अमेरिकेत शिकून परतलेल्या इथल्या माणसांशी सविस्तर बोलले. त्यांचं पुस्तक १९५५ मध्ये निघालं. पुढे भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांची मुलं बघता बघता रूथ यूसीम यांना सुचलेली 'थर्ड कल्चर किड्स' ही संज्ञा आज जगभर वापरली जाते. आईबापांच्या देशाबाहेर वाढणाऱ्या मुलांसाठी. त्यांतली काही आईबापांच्या देशात 'परततात', तेव्हा तिथे आधी कधीच राहिलेली नसतात. अशा मुलांच्या आत जागा करायला जुना नकाशाच नसतो. आईबाबा घरी आलेले असतात आणि मुलगी परदेशात, एकाच फ्लॅटमध्ये. शाळेत तिला 'परत आलीस का?' असं विचारू नये, ती पहिल्यांदाच आलेली असते.

आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ मध्ये 'द होमकमर' हा निबंध लिहिला. ते स्वतः नाझींमुळे व्हिएन्ना सोडून न्यूयॉर्कला आलेले, आणि समोर होते युद्धावरून घरी येणारे सैनिक. त्यांनी दाखवलं, की निघताना जे घर मनात ठेवून माणूस जातो, ते त्याच्यामागे रोज थोडं थोडं पुढे सरकत राहतं. घरच्यांच्या मनातही निघालेला मुलगाच असतो, आलेला नव्हे. शिवाय त्याला जे अनुभव एकमेव वाटतात, ते घरच्यांनी बातम्यांतून आणि सिनेमांतून आधीच एका साच्यात बसवलेले असतात. म्हणून "कसं काय अमेरिका?" एवढं विचारून झालं की बोलणं संपतं. परतणाऱ्याला तयार करतो तसं घरच्यांनाही तयार करायला हवं, असं शुट्झ त्या निबंधात बजावून सांगतात. मला त्यांचं म्हणणं शब्दशः पटतं, आणि ही तयारी फार सोपी आहे. तिकडे शेजारी कोण होतं, भाजी कुठून आणायचास, पहिल्या बर्फात गाडी कशी काढलीस, असं काहीतरी नेमकं विचारावं. आणि मग त्यालाही सांगावं, की बाबा आता सकाळी फिरायला का जात नाहीत, कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान कधी बंद झालं, आणि त्याच्या खोलीत हल्ली कोण झोपतं.