मडगार्डची कड

कोल्हापुरात उद्यमनगराजवळच्या एका गॅरेजात माझे वडील गेली तीस वर्षे डेंटरचे काम करतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे अंकासाठी विषय सांगताना जरा संकोच वाटला. पण जे हाताने शिकलो तेच लिहितो.

मोटारीच्या चाकावरच्या कमानीला आतून बोट लावून पाहा. आत वळलेली, सुमारे सेंटिमीटरभर रुंद अशी पत्र्याची कड लागेल. रुंद टायर बसवून आणि पाच माणसे घेऊन जोतिबाचा घाट चढू लागले की गाडी खाली बसते आणि हीच कड टायरला घासते. यावर उपाय म्हणजे ती कड आणखी वळवून आतल्या बाजूला दाबून बसवणे.

गोम आहे ती रंगात. त्याचे सगळे थर मिळून जाडी जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा. पत्रा वळतो तेव्हा वळणाची बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिच्यावरच्या रंगालाही ताणावे लागते. थंड रंग ठिसूळ असतो, तो तडकतो. 60 ते 70 अंशांपर्यंत तापवला की तो मऊ पडून पत्र्याबरोबर जातो.

हे मला ठाऊक होते. तरीही गेल्या डिसेंबरात, आबा बाहेर गेलेले पाहून, मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीची कड न तापवता एका दमात वळवली. टच्‌ असा आवाज झाला आणि वीतभर रंग उडाला. नव्या रंगाचे पैसे आबांच्या पगारातून कापले गेले. आबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारातले एक मडगार्ड आणून माझ्यापुढे टाकले, एवढेच.

त्यावर शिकलो ते असे. आधी टिचकी मारून ऐकावे. आवाज बद्द आला तर आत पुट्टी आहे. ती तापवूनही फुटते, तिथे हात घालू नये. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी, चाक आणि आतले प्लॅस्टिक काढावे, कडेवरची माती धुवावी. चाकाच्या जागी, हबवर, रुळाचे अवजार नटांनी आवळावे. हीट गन एका जागी धरू नये, सतत फिरवत राहावी. आबा पालथा हात लावून पाहतात, हात ठरेनासा झाला की म्हणतात, “आता.” मी थर्मामीटर आणून पाहिले, तर 64 अंश! रूळ दर फेरीला थोडाच दाबावा आणि फेरीगणिक पुन्हा तापवावे. घाई केली तर कमानच बाहेर फुगते, कारण वळताना कडेची लांबी वाढावी लागते.

मागच्या चाकांवर बऱ्याच गाड्यांत दोन पत्रे कडेलाच जोडलेले असतात. वळवताना त्यांच्यामधले सीलर तुटते. ते पुन्हा भरले नाही तर आमच्याकडच्या पावसाळ्यात पाणी शिरून आतून गंज धरतो, आणि तो रंगाचा फुगा येईपर्यंत दिसत नाही. ते भंगारातले मडगार्ड मी चारदा सरळ केले नि चारदा वळवले. पाचव्या खेपेला आबांनी मला गिऱ्हाइकाची गाडी दिली, आणि स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसले.