जुना ‘सी’ पुसला जात नाही

अमेरिकेतल्या बहुतेक एमडी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी ‘ॲमकास’ या सेवेमार्फत अर्ज केला, की कॉलेजच्या गुणपत्रकावरची सरासरी बाजूला पडते आणि ॲमकास ती नव्याने काढते. रीत साधी आहे. ए म्हणजे 4, बी म्हणजे 3. हा अंक विषयाच्या क्रेडिटने गुणायचा आणि बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचं. चार क्रेडिटच्या रसायनशास्त्रात बी आणि एका क्रेडिटच्या प्रयोगशाळेत ए असेल, तर 12 अधिक 4 भागिले 5, म्हणजे 3.2 येतात, सरळ मधले 3.5 नव्हेत. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांची सरासरी वेगळीही काढतात.

खरी कुरकुर असते ती पुन्हा घेतलेल्या विषयांवरून. सेंद्रिय रसायनात आधी सी, मग ए मिळाला, तर अनेक कॉलेजं जुना सी सरासरीतून वगळतात. ॲमकास दोन्ही धरते, आणि 4 चे 3 होतात. ही तर सुधारण्याची शिक्षा, असा आक्षेप असतो. तो अगदीच पोकळ नाही. पण वगळण्याचा नियम कॉलेजागणिक बदलतो. तो जसाच्या तसा मान्य केला, तर दोन अर्जदारांतला फरक अभ्यासाचा की नियमाचा, हे कळणार कसं? शिवाय वर्षवार सरासरीही अर्जात दिसते, त्यामुळे चढती कमान लपत नाही. अर्थात फूटपट्टी एक झाली म्हणून मोजमाप बिनचूक होत नाही. एका कॉलेजातला ए दुसरीकडच्यापेक्षा सोपा असू शकतो, आणि ते या भागाकारात सापडत नाही. म्हणून एमकॅट ही सामाईक परीक्षा सोबत लागते. आणि फूटपट्टीही सगळीकडे एकच नाही: टेक्सासची स्वतंत्र अर्जसेवा तर ए-मायनसलाही पूर्ण 4 देते. ॲमकासकडे त्याचे 3.7 च.