‘संशयास्पद हालचाली’ लिहिण्याआधी

समजा, ठाण्याहून कशेळीचा खाडीपूल ओलांडल्यावर लागणाऱ्या एखाद्या गोदामाबद्दल पोलिसांच्या गोपनीय शाखेकडे खबर आली: रात्री दोननंतर टेम्पो लागतात, चार नवी माणसं राहायला आली आहेत, कोणाशी बोलत नाहीत. कशेळी-काल्हेर पट्ट्यात रात्री माल चढवणं-उतरवणं रोजचंच. परराज्यातून नुकताच आलेला हमाल तरी कोणाशी काय बोलणार? तरीही खबर खरी निघू शकते. अहवाल लिहिणाऱ्यानं त्यावर ‘संशयास्पद हालचाली’ एवढंच लिहिलं, की त्या चौघांचं पुढचं आयुष्य त्या दोन शब्दांवर टांगलं जातं.

गुप्तवार्तेच्या कामात म्हणूनच एक जुनी शिस्त आहे. खबऱ्या किती भरवशाचा, याला ‘ए’ ते ‘एफ’ अक्षर. खबर किती पडताळलेली, याला १ ते ६ आकडा. दोन्ही वेगवेगळे ठरवायचे, कारण भरवशाचा माणूसही ऐकीव सांगतो आणि लबाड माणूसही कधी खरं बोलून जातो. खबऱ्या नवखा आणि दुजोरा कुठूनच नाही, तर ‘एफ ६’, म्हणजे आज काहीच ठरवता येत नाही. हे लिहायला धैर्य लागतं. २६/११ नंतर तर ‘खबर होती, तुम्ही झोपलात’ हा ठपका कोणालाच नको असतो. पण ‘एफ ६’ म्हणजे कागद फाईलमध्ये पुरणं नव्हे. भाडेकरार कोणाच्या नावावर, टेम्पोंचे नंबर काय, माणसं कोणत्या ठेकेदारानं आणली, हे आधी बघायचं, एवढाच त्याचा अर्थ.

निष्कर्ष आधी आणि माहिती नंतर, असं झालं की काय होतं ते कशेळीशेजारच्या भिवंडीनं सोसलं आहे. मे १९७० च्या दंगलीनंतर नेमलेल्या न्या. मादन आयोगानं पोलिसांच्या विशेष तपास पथकावर कठोर ताशेरे ओढले. पथकानं दोषी-निर्दोष न पाहता धर्म पाहून माणसं अडकवली आणि सोडली, असा तो निष्कर्ष होता. सरकारी कागदावर पूर्वग्रह चढला की तो पुरावा म्हणून वावरतो. या पेशातला याहून मोठा अपराध मला दिसत नाही.

कायद्यानं कुंपण घातलेलं आहे. फोन ऐकायचा तर गृहसचिवांच्या पातळीवरचा सकारण लेखी आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवला तरी एकूण १८० दिवसांपलीकडे नाही, आणि आढावा समिती तो तपासते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यासाठी दंडक घालून दिले, २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. तरी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनं लोकांचे सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला याच्या नोंदी, बेकायदा मिळवून विकल्याचं प्रकरण उघड केलं. अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेरही होते.

आणि खबऱ्याचं काय? ‘अमुक गोदामात रात्रपाळीला असणाऱ्या हमालाकडून समजते’ असं लिहिलेलं पत्र कोणी व्हॉट्सॲपवर टाकलं, तर तो हमाल कोण हे कशेळीत संध्याकाळपर्यंत कळतं. नाव लिहिलं नव्हतं, ही सबब त्याच्या कामाची नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याची आठवण सहसा सरकारची अडचण झाकायला होते. गुपित राखण्याचं पहिलं कारण मात्र हा माणूस असायला हवा.

भिवंडीतच दुसराही अनुभव आहे. १९८४ ला शहर पुन्हा होरपळलं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची माणसं पोलिसांसोबत एकत्र बसू लागली. अशा बैठकीत अफवेची शहानिशा तिथल्या तिथे होऊ शकते, कारण ज्यांच्याबद्दल ती उठली ती माणसं समोरच असतात. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. गोपनीय शाखेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मादन अहवाल आणि या कमिट्यांचं काम शेजारी शेजारी ठेवून शिकवलं पाहिजे. एकाच शहरात, वीसेक वर्षांच्या अंतरानं घडलेलं आहे ते.